रक्ताला मानवेल असं लोखंड

मुलाखतीत बाईंनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुला काय मानवत नाही?"

मी म्हसळ्याजवळच्या एका खेड्यातून सकाळची एसटी पकडून दिघीला आणि तिथून फेरीबोटीनं आगरदांड्याला आले होते. मांडीवर एम.एस्सी.ची गुणपत्रकं, प्रकल्पाचा अहवाल, शिफारसपत्रं अशी जाडजूड फाइल होती. चुंबकी नॅनोकणांवर काय काय विचारतील याची उजळणी बोटीत करून झाली होती. या प्रश्नाची तयारी नव्हती.

"म्हणजे?"

"म्हणजे खाल्लंस की अंगावर उठतं, असं काही?"

"तिसऱ्या. शिंपल्यातल्या," मी म्हणाले. "लहानपणी मामाकडे खाल्ल्या होत्या. तासाभरात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांनी ताव मारला. कोणाला काही झालं नाही."

"मग मामाकडचे काय म्हणाले?"

"मामी म्हणाली, नखरे करते."

बाई मोठ्यांदा हसल्या. फाइल न उघडताच त्यांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

माझ्याआधी आलेल्या दोघांनी म्हणे सांगितलं होतं, आम्हाला सगळं चालतं. बाईंचं म्हणणं असं, की ज्याला सगळंच पचतं त्याला दुसऱ्याचं न पचणं म्हणजे नखराच वाटतो. असा माणूस त्यांच्या कामाचा नव्हता.

काम होतं लोखंडाच्या कणांचं. इतके बारीक, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत हजारो कण रांगेनं उभे राहतील. असे कण शिरेतून शरीरात सोडायचे, बाहेरून चुंबक धरून हव्या त्या जागी न्यायचे, त्यांच्या पाठीवर औषध बांधून पाठवायचं, किंवा गाठीत पोचले की बाहेरच्या चुंबकी क्षेत्रानं त्यांना तापवून गाठच जाळायची. जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळांत हे चाललेलं असतं. किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या कॉलेजात, जुन्या सायकल स्टँडला भिंती घालून केलेल्या दोन खोल्यांत, बाई त्यातलं सगळ्यात कमी झगमगाटाचं काम करत. हे कण शरीराला मानवतात की नाही, एवढंच त्या तपासत. बाकी सगळं पुढचं. "उपयोग काय ते कोणीही सांगेल," त्या म्हणत. "उपद्रव काय ते विचार."

मानवणं हे त्यांचं लाडकं क्रियापद होतं. इंग्रजी लेख लिहिताना त्यासाठीचा लांबलचक शब्द आला की त्या थांबत आणि म्हणत, "बघ, आपल्याकडे चार अक्षरांत होतं."

त्यांच्याकडे एक लांबट, कापडी बांधणीची वही होती. भेटेल त्या माणसाला विचारून त्यात लिहायच्या, कोणाला काय मानवत नाही. एसटीच्या कंडक्टरला वांगं. प्राचार्यांना पेनिसिलिन. फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या काकांना सुका जवळा, तोही फक्त आषाढात. लोक आधी बिचकत, मग खुलत. आपल्या शरीराच्या तक्रारी कोणी इतक्या मन लावून ऐकतं आहे याचं त्यांना अप्रूप वाटे. एकदा जेटीवर एका म्हाताऱ्या खलाशानं त्यांना सांगितलं, "मला जमीन मानवत नाय." बाईंनी तेही लिहून घेतलं.

पांढऱ्या कोटाच्या खिशात नाण्याएवढं जोरदार चुंबक असायचं. त्यामुळे खिशाला बाहेरून सेफ्टी पिना, चिमटे, कधी कपाटाची चावी चिकटलेली. एटीएम कार्ड म्हणे त्यांनी दोनदा बाद केलं आणि शेवटी तो नादच सोडला. विचार करताना त्या चुंबक बाहेर काढून लोखंडी कपाटाला लावत आणि काढत. टक्. टक्. त्या आवाजावरून आम्हाला कळे, बाईंना काहीतरी पटलेलं नाही.

आणि वहीत "पेशी मेल्या" असं लिहिलेलं त्यांना खपत नसे.

"मेल्या कशानं? आपोआप?"

"नाही बाई, आपण कण घातले म्हणून."

"मग आपण मारल्या. तसं लिही."

त्यामुळे आमच्या प्रयोगवह्या भयंकर दिसत. 'आज आम्ही निम्म्या पेशी मारल्या. काल त्याहून कमी मारल्या होत्या.' बाहेरून आलेले एक परीक्षक ते वाचून चष्मा पुसत बसले होते.

उघडं लोखंड रक्तात सोडून चालत नाही. त्याला वरून काहीतरी मऊ, शरीराला परकं न वाटणारं वेष्टन लागतं. बाईंचं वेष्टन कोळंबीच्या सालींचं होतं. त्या सालींपासून कायटोसान नावाचा पांढरट, पापुद्र्यासारखा पदार्थ निघतो. तो विकत मिळायचा, पण बाई बाजारात जाऊन साली आणत. तिथल्या एका कोळीणमावशींशी त्यांचा ठरलेला संवाद असे.

"काय गो बाय, आज पन सालांच नेनार? कोलंबी आमी खायाची आनि सालां तू? येरी झालीस का काय?"

"कोट शिवायचाय मावशी."

"सालांचा कोट? कोनाला गो?"

"लोखंडाला."

मावशी टोपली झाकत म्हणायच्या, "मंग माप नीट घे. मागल्या टायमाला घट झाला व्हता म्हनलीस."

त्या साली उकळायला लागल्या की मराठी विभागापर्यंत वास जाई. प्राचार्यांनी एकदा शिपायाकरवी निरोप पाठवला. बाईंनी उलट निरोप धाडला, "पेनिसिलिन नाही म्हणावं, काळजी नको."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम रक्ताचा होता. कण रक्तपेशींना फोडतात का हे पाहायला ताजं माणसाचं रक्त लागतं. त्यासाठीच्या समितीची परवानगी भिंतीवर चौकटीत लावलेली होती, आणि रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांच्या यादीत पहिलं नाव बाईंचंच. "कण ज्यानं केले, रक्त आधी त्याचं," त्या म्हणत. गावातल्या पॅथॉलॉजीच्या ताई येऊन रक्त काढून जात. पहिल्या महिन्यातच मलाही बाही वर करावी लागली. नको म्हणायची मोकळीक होती, पण बाई शेजारी बसून इतक्या सहज हात पुढे करत की नको म्हणायला जीभ वळत नसे.

माझी पहिली खेप फार देखणी झाली होती. दोन प्रकारच्या लोहक्षारांचं पिवळसर पाणी, त्यात थेंब थेंब अमोनिया, आणि बघता बघता सगळं काळंभोर. चंचुपात्राखाली चुंबक धरलं की तो काळेपणा चुंबकामागे शहाण्यासारखा जायचा. मी हरखून गेले होते. मग वेष्टन, मग माझंच रक्त, मग तासभर शरीराएवढ्या उबेत ठेवून नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या. पेशी धड असल्या की तळाशी जाऊन बसतात आणि वरचं पाणी नितळ राहतं. फुटल्या असल्या तर वरचं पाणी लाल होतं.

माझ्या आठ नळ्यांपैकी दोन लाल होत्या.

"सहा चांगल्या आल्या," मी म्हणाले.

टक्, कपाट वाजलं. "त्या सहांना काय विचारायचंय?" बाई म्हणाल्या. "या दोघींना विचार."

दोन वर्षं मी त्या लाल नळ्यांना विचारत होते. प्रमाण कमी केलं, साली अधिक धुतल्या, ढवळायचा वेग बदलला. कधी एक लाल, कधी तीन. माझ्याबरोबरच्या मैत्रिणींची लग्नं झाली, एकीचा तर प्रबंधही छापून आला. घरी आई विचारायची, "तुझं ते लोखंड अजून शिजतंच आहे का?"

अशा दिवसांत कॉलेजात विज्ञानदिन आला. बाई एका बैठकीला मुंबईला गेल्या होत्या. एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर प्रदर्शन बघायला आला आणि आमच्या टेबलाशी थांबला. मी चुंबकामागे धावणारं काळं पाणी दाखवलं. तो चकित झाला. दोन वर्षांत माझ्या कामानं कोणी चकित झालं नव्हतं. मी बोलत गेले. म्हणाले, कॅन्सरची गाठ लवकरच चुंबकानं जाळता येईल, आणि तीही इथं, आपल्या रायगडात.

'लवकरच' हा शब्द माझा. 'इथं' हाही माझाच.

दोन दिवसांनी बातमी आली. 'गाठ जाळणारं लोखंड रायगडच्या लेकींच्या हाती.' ती मोबाइलवरून गावोगाव फिरली. माझ्या मामीनंही मला पाठवली. बाईंनी बातमी वाचली, कात्रीनं नीट कापली आणि काही न बोलता त्या कापडी वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर चिकटवली.

साधारण महिन्यानं, दुपारी, दारात एक नवराबायको उभे राहिले. तो साठीचा, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. ती डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेली, चेहऱ्यावर पिवळट झाक. माझ्याच तालुक्यातली माणसं. त्यानं तीस वर्षं मुंबईत एका कँटीनमध्ये चपात्या केल्या होत्या आणि आता गावी येऊन भात लावत होता. पिशवीतून त्यानं आधी मोबाइलवरच्या बातमीची छापून घेतलेली प्रत काढली, मग हॉस्पिटलची फाइल.

"लोखंडाचं औषद हितंच मिळतं ना?"

बाईंनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, फाइल उघडली. यकृताची गाठ. मुंबईत उपचार चालू. बाईंचं बोट एका पानावर थांबलं.

"भाऊ, या दोन तारखांना गेला नाहीत?"

"न्हाय." तो अपराध्यासारखा म्हणाला. "तिकडं लई हाल व्हतात हिचं. केस गेलं, जेवान जात न्हाय. मग ह्यो कागद आला. म्हंटलं, हितं जवळच बिनत्रासाचं व्हतंय तर कशाला..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या उठल्या आणि सकाळच्या प्रयोगाच्या नळ्यांचा स्टँड घेऊन आल्या. त्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"हे माझं रक्त आहे. यात आम्ही आमचं लोखंड घातलं. ही नळी बघा, वरचं पाणी कसं आहे?"

"निवळ हाय."

"आणि ही?"

"लाल हाय."

"म्हणजे यातलं रक्त फुटलं. का फुटलं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. ज्या दिवशी कळेल त्यानंतरही किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही. हे मी स्वतःच्या अंगात टोचून घेणार नाही, मग वहिनींच्या कसं टोचू?"

त्यानं बातमीची प्रत पुढे केली. "मग पेपरात?"

"पेपरात आलं ते खरं नाही. चूक आमची आहे."

त्याची बायको म्हणाली, "मंग आता ओ?"

"आता उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई," बाई म्हणाल्या. "मी येते तुमच्याबरोबर. आज माझ्याकडे राहा." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तूसुद्धा."

हॉस्पिटलात डॉक्टर त्या नवऱ्यावर चिडले. चिडणं बरोबरच होतं. पेपरातल्या बातमीवर उपचार सोडता, शिकलेसवरलेले दिसता, असं काहीबाही. तो मान खाली घालून ऐकत होता. बाई पुढे झाल्या.

"त्यांना बोलू नका. बातमी आमच्या प्रयोगशाळेची होती. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला. जे बोलायचं ते मला बोला."

डॉक्टर त्यांना बोलले. चांगलंच बोलले. साठीला टेकलेली बाई, आमच्या कॉलेजात जिच्यापुढे प्राचार्यही आवाज चढवत नसत, ती शाळकरी मुलीसारखी हात जोडून उभी होती. मी त्यांच्या मागे होते. मी तोंड उघडलं नाही.

येताना वडखळला गाडी थांबली. नवराबायको गाडीतच बसले होते. चहाचा ग्लास हातात घेऊन मी बाईंना म्हणाले, "ते मी सांगितलं होतं त्या वार्ताहराला. लवकरच, आणि इथं. दोन्ही मीच."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बातमी आली तेव्हापासून. मी नव्हते, तू होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का बघत होते." त्यांनी चहा संपवला. "महिना लागला तुला."

त्यांचं रागावणं एवढंच. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आता दर खेपेला वहिनींबरोबर तू जायचंस. भाऊंचं शेत आहे, त्यांना दर वेळी जमायचं नाही. सुट्टी मी मांडणार नाही."

असे आमचे प्रवास सुरू झाले. पहिल्या दोन खेपांना मला वहिनींच्या नजरेला नजर देता येईना. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, "पोरी, तुला बस लागते का? तोंड का असं?"

मी त्यांनाही सांगून टाकलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मला बी नकोच व्हतं गं तिकडं जायाला. तुजा कागद नसता आला तर मी दुसरं कायतरी सोधलं असतं." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, मला आजही ठरवता येत नाही.

त्यांना ते लोखंड बघायचं होतं. बाईंना विचारून मी घट्ट बंद केलेली एक कुपी घेऊन गेले. बाईंनी खिशातलं चुंबकही दिलं. कुपीला चुंबक लावलं की आतलं काळं पाणी ताठ होतं, त्यावर काटे उभे राहतात. वहिनींनी लावलं आणि किंचाळल्याच.

"अगं बाय, साळिंदर हाय हे!"

पेण येईपर्यंत त्या लहान मुलीसारख्या काटे उभे करत होत्या, आडवे करत होत्या. मागच्या बाकावरचे लोक वाकून बघायला लागले. कुपी परत देताना त्या म्हणाल्या, "एवढं गुणाचं दिसतंय आन् रगत फोडतंय?"

"हो."

"माज्या जावंसारखं हाय." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर मागे आला.

त्या वर्षी बाईंनी रोज एक तास माझ्याबरोबर नळ्यांशी बसायला सुरुवात केली. पूर्वी त्या वही तपासून जात, आता सगळं शेजारी बसून. हळूहळू उलगडलं. आमचं वेष्टन रक्तपेशींना नको इतकं ओढून घेत होतं, जाड झालं की त्यांची पातळ भिंत फाडत होतं. त्यावर आणखी एक साखरेसारख्या पदार्थाचा थर दिला. एका सकाळी आठही नळ्या नितळ आल्या. मी ओरडले. बाईंनी त्या उजेडाला धरल्या, एकेक करून, आणि म्हणाल्या, "आता प्रमाण दुप्पट कर." दुप्पट केल्यावर एक गुलाबी झाली. "हं," त्या समाधानानं म्हणाल्या, "इथवर जायचं, पुढे नाही. हे कळलं."

वहिनी भातकापणीनंतर गेल्या. शेवटचे पंधरा दिवस त्या घरीच होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात घेतला, पण ओळखलं की नाही कळलं नाही.

मी मुद्दाम मुंबईला जाऊन त्या डॉक्टरांना विचारलं. त्या दोन तारखा चुकल्या नसत्या तर? त्यांनी चष्मा काढला. आवाज या वेळी मऊ होता. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता."

आगरदांड्याला परत येऊन मी बाईंना तेच सांगितलं. त्या मला जेटीवर घेऊन गेल्या. मला वाटत होतं, त्या म्हणतील, तुझा दोष नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"हे वाक्य आता तुझ्याजवळ राहणार," त्या म्हणाल्या. "कोणाला ते काढून घेता येणार नाही. मलाही नाही."

मी रडायला लागले. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, अगदी आईनं पुसावं तसं खसाखसा. फेरीबोट दिघीला जाऊन आली. पुन्हा गेली. बाई शेजारी बसून होत्या. मधेच उठून त्यांनी भाजलेले शेंगदाणे आणले आणि सालं काढून काढून माझ्या हातावर ठेवत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ते भाऊ पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी पिशवी नव्हती.

"बाई, माजं रगत चालंल का?"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"तुमी दोघीच किती देनार? मला काय रोगबीग न्हाय. त्या लाल नळीचं कायतरी करा तुमी."

बाईंनी त्यांना सगळे कागद वाचून दाखवले, दोनदा. रक्त घेतलं तर तुम्हाला काही फायदा नाही, औषध होईलच असंही नाही, कधीही नको म्हणू शकता. ते प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणाले आणि सही केली. त्यानंतर तीन वेळा ते बोटीनं आले. हात पुढे करताना तोंड दुसरीकडे वळवायचे, सुईला घाबरायचे. बाई तेवढा वेळ त्यांच्याशी भाताच्या वाणांवर बोलत राहायच्या. माझ्या प्रबंधात ते 'स्वयंसेवक चार' आहेत.

प्रबंधात पहिलं चित्र कोणतं घालायचं यावर आमची वादावादी झाली. मला आठ नितळ नळ्या हव्या होत्या. बाईंनी लाल नळ्यांचं घालायला लावलं. आमच्या त्या कामातून औषध झालं नाही. एक छोटा लेख छापून आला, अमुक वेष्टन अमुक प्रमाणाच्या पुढे रक्ताला मानवत नाही एवढं सांगणारा. फार कोणी वाचला नसावा. बाईंनी त्याच्या दहा प्रती काढून जणू पेढे वाटावेत तशा वाटल्या. एक त्या कोळीणमावशींना. "कोटाचं माप मिळालं," म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर बाई दिवेआगरला भावाच्या वाडीत राहायला गेल्या. वादळानं तिथली निम्मी पोफळी आडवी केली होती. नव्या रोपांना पाणी घालणं हे त्यांचं काम. मी पनवेलजवळच्या कॉलेजात शिकवायला लागले होते. महिन्यातून एकदा फोन व्हायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या भावाचा फोन आला. बाईंना दोन पायऱ्या चढून धाप लागत होती. रक्तातलं लोह फार खाली गेलं होतं, आणि लोहाच्या गोळ्या पोटाला चालत नव्हत्या. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. मी रजा टाकून गेले.

तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटल. बाई खाटेवर, आधीपेक्षा निम्म्या झालेल्या, केस कापलेले. सिस्टरनं गडद तपकिरी औषध सलाइनमध्ये मिसळलं, बाटली टांगली. बाई टक लावून बघत होत्या.

"ओळखलंस का?" त्यांनी मला विचारलं. "लोखंडाचे कण, साखरेच्या वेष्टनात. आपल्यांची चुलत भावंडं. चुंबकामागे धावत नाहीत एवढंच." मग सिस्टरला म्हणाल्या, "त्या खोक्यातला कागद द्या हो जरा."

सिस्टरनं औषधाबरोबरचा घडीचा कागद दिला. बाईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी वाचायचं ठरलं. बाईंनी उपयोग, प्रमाण वगैरे सगळं गाळायला सांगितलं. फक्त उपद्रवांची यादी. मी वाचायला लागले. मळमळ. चक्कर. तोंडाला धातूसारखी चव. सांधे दुखणं. अंगावर गांधी. प्रत्येकाला बाई "बरं" म्हणत होत्या.

"अहो ताई," सिस्टर म्हणाली, "पेशंटला असलं काय वाचून दाखवता? घाबरतात माणसं."

"वाचू दे तिला," बाई म्हणाल्या. "हे ज्यांना झालं त्यांच्याशेजारी कोणीतरी बसून लिहून घेतलंय. एकदा ऐकायला तरी हवं."

मी पुढे वाचलं. यादी लांब होती. क्वचित होणारे, अति क्वचित होणारे. त्या बारीक टायपातल्या एकेका ओळीशी मला कोणीतरी माणूस दिसायला लागलं, कोणी पदर लपेटलेलं, कोणी मान खाली घातलेलं, आणि मी ओळ चुकले. बाई थांबल्या. मी पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत वाचलं.

"झालं?"

"झालं."

"कोणी लिहिलंय, नाव आहे का बघ."

मी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कंपनीचा पत्ता होता, खोक्याचा क्रमांक होता. माणसाचं नाव कुठंच नव्हतं.

"नाही बाई."

"नसतंच ते," बाई म्हणाल्या. सुई नसलेला हात त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा श्वास लांब झाला. मी कागदाची होती तशी घडी केली आणि थेंब मोजत बसले.